ट्रॅपची पिन
ड्रॉवर आवरताना चाळीस पिनांची जुनी प्रोसेसर चिप बोटाला टोचली आणि सोलापुरातली इंजिनिअरिंगची ती तोंडी परीक्षा आठवली. प्रयोगशाळेतला पंखा बंद होता, शर्ट पाठीला चिकटला होता आणि परीक्षक पेनाचं टोक एकेका पिनेवर ठेवून विचारत होते. तेवढ्यात खिशातला फोन थरथरायला लागला. आमच्या घरची रीत अशी, की खुशाली कळवायची तर एक रिंग देऊन कट करायचं. फोन वाजतच राहिला तर काहीतरी वाईट घडलंय समजायचं. हा कट होत नव्हता. वडील शेतीपंपाची मोटर बघायला धरणाच्या पाण्यात उतरायचे, तेच डोळ्यांपुढं यायला लागलं. "ही कसली पिन?" परीक्षकांनी विचारलं. "ट्रॅपची, सर. बाकीचे सिग्नल अडवता येतात, हिचा अडवता येत नाही. तो आला की प्रोसेसरला हातातलं काम टाकावंच लागतं," मी म्हणालो, पण हात खिशावरच होता. त्यांनी पेन खाली ठेवलं. "घे आधी तो फोन." पलीकडून आई म्हणाली, "मिस्डकॉलच द्यायचा हुता रं, ह्या नव्या फोनवर कट कुटं करायचं तेच गावंना." आता तिला कट करता येतं. तरी घरच्या फोनची दुसरी रिंग वाजली, की मी हातातलं काम टाकून उठतो.