वैनगंगा रेडिओ आणि देवरावची थापड

नागपुरात, सदर भागात, एका शिंप्याच्या दुकानामागे चंपतरावांनी रेडिओचा कारखाना काढला होता. त्याला कारखाना म्हणायलाही छाती लागायची. एक खोली, दोन टेबलं, तीन माणसं आणि एक पंखा, तोही चंपतरावांच्या डोक्यावर. पण रेडिओ निघाला, आणि त्याचं नाव ठेवलं 'वैनगंगा'. सागवानी पेटी, पितळी बटणं, आणि आवाज असा भरदार की बातम्या वाचणारा आपल्याच घरातल्या कुणावर तरी खेकसतोय असं वाटावं. बहात्तर साली नागपुरानं हा रेडिओ असा डोक्यावर घेतला की विचारता सोय नाही. पाहुण्यांना आधी रेडिओ दाखवायचे, मग नवी सून.

रेडिओत एक खोट मात्र होती. चंपतराव घाईचे, त्यामुळे तारा जोडणारा डाख कच्चा. चालता चालता रेडिओ गप्प व्हायचा, आणि तेही नेमकं कॉमेंट्रीत गडी बाद होताना. मग पेटीच्या डाव्या अंगाला एक थापड द्यावी लागायची. परक्या गावच्या मालाला लोकांनी भिकार म्हटलं असतं. हा आपल्या गावचा, म्हणून त्याची ती खासियत ठरली. आता थापड मारायला नागपुरात माणसांची काय वानवा! पण सगळ्यांनी मारून पाहिलं आणि रेडिओ काही बोलेना. तो बोलायचा फक्त देवरावच्या हातानं.

देवराव रामटेके म्हणजे कारखान्यातल्या तिघांपैकी एक. राहणारा इंदोरा वस्तीतला, छप्पन साली बापाचं बोट धरून धम्मदीक्षेला गेलेला. निरोप आला की सायकलवर टांग टाकून निघायचा. आणि तोरा तर काय सांगावा! बडा डॉक्टर परवडला. आधी चहा घ्यायचा, मग घरातल्यांना गप्प करायचा, पेटीला कान लावून डोळे मिटायचा. बायका श्वास रोखून उभ्या. मग सण्णकन एक. रेडिओ बोलायला लागला की घरमालक म्हणायचा, "वा देवराव!" आणि देवराव हात असा पुसायचा की जणू मोठं ऑपरेशन उरकलं.

त्याचं सगळ्यात लाडकं घर जुन्या महाल भागातलं, मनोहररावांचं. याच घराच्या परसात देवरावच्या बापानं जन्मभर लाकडं फोडली होती आणि पाणी प्यायलं होतं ते ओंजळीत, वरून ओतलेलं. त्याच घरात आता मनोहरराव ओसरीपर्यंत सामोरे यायचे. "या, या देवराव! आत या!" माजघरात खुर्ची, हातात कपबशी.

घरी आल्यावर देवरावला हा मान कुठं ठेवू नि कुठं नको व्हायचं.

"अवं जया, त्याहीच्या बायकोनं मले विचारलं, साखर किती टाकू!"

"मंग तुमी काय सांगतलं?" त्याची बायको जया पोळ्या लाटता लाटता विचारायची.

"दोन चमचे. घरी मी एकच घेतो, पण तिथं कमी काहून घ्याव?"

जग सुधारलं, असं देवरावचं मत झालं होतं. आणि त्यात आपल्या स्वभावाचा मोठा वाटा आहे, असंही. लोक रेडिओसाठी बोलावतात की आपल्यासाठी, हा विचार त्याच्या मनाला कधी शिवला नाही. थापडीला जोर होता, डोक्याला तेवढी घाई नव्हती.

आणि अठ्ठ्याहत्तर साली मुंबईच्या एका बड्या कंपनीनं वैनगंगा विकत घेतली. तिचे पंखे घरोघरी, तिच्या इस्त्र्या घरोघरी. तिला रेडिओही पाहिजे होता. सोहळा झाला, समोसे झाले. मुंबईच्या साहेबानं हिंदीत सांगितलं, काही म्हणजे काहीच बदलणार नाही. एवढंच सांगायला कुणी विमानानं येतं का हो? पण टाळ्या पडल्या. चंपतरावांच्या एका डोळ्यात पाणी होतं, दुसरा डोळा बाहेर उभ्या नव्या अँबेसिडरवर होता.

"साहेब, आपलं लेकरू विकलं तुमी," देवराव म्हणाला.

"अरे, वैनगंगा समुद्राले मिळून राहिली गा! दुःख कायचं?"

वैनगंगा समुद्राच्या कितीतरी आधीच आपलं नाव टाकते, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण समोसा खाताना भूगोल कुणाला आठवतो!

देवराव तणतणत घरी आला. "सोडतो नोकरी! आग लागो त्या कंपनीले!"

"सोडा नं," जया शांतपणे म्हणाली. "पक्की नोकरी देऊन राहिले, फंड देऊन राहिले, दवाखाना देऊन राहिले. सोडा. पोराईले सांगते, तुमचा बाप आता रिकाम्या थापडा मारते."

देवरावनं नोकरी सोडली नाही. कंपनीनं टाय दिला. रोज सकाळी तो कंपनीला शिव्या घालायचा आणि त्याच दमात टायला इस्त्री करायचा. रागही खरा, इस्त्रीही खरी.

वर्षभरात नवी वैनगंगा आली. प्लास्टिकची पेटी, नाव मागच्या बाजूला बारीक अक्षरात, डाख मशीनचा. जुना रेडिओ द्या, नवा घ्या. पानठेल्यावर जी माणसं "पयलेच्या वैनगंगेची गोष्टच न्यारी" म्हणून उसासे टाकत होती, तीच जुनी पेटी काखोटीला मारून पहाटेपासून रांगेत.

"सहा मइन्यात बंद पडन," देवराव सगळ्यांना सांगत सुटला. रेडिओ बंद पडला नाही. त्यानं घरी एक आणून ठेवला आणि दिवसभर आ वासून वाट पाहिली. मेला गातच राहिला, आणि काय गोड गात होता! देवरावला आवाज आवडला, आणि आवडला म्हणून तो स्वतःवरच चिडला.

निरोप येणं थांबलं. रस्त्यात भेटलेल्याला तो विचारायचा, "रेडिओ कसा हाय?" "एकदम मस्त!" असं उत्तर आलं की याचा चेहरा सुतकी.

मग एकदा कंपनीनंच फर्मान काढलं, घरोघरी जा, गिऱ्हाईक खूश आहे का विचारा. देवराव फुलला. टाय आवळला आणि सायकल थेट महालात.

मनोहरराव ओसरीवर पेपर वाचत होते. "कोण? हां, देवराव. छान चालतोय हो रेडिओ. एकदाही बंद पडला नाही."

देवराव उभा राहिला. 'आत या' ऐकायला कान टवकारून.

"बसा ना," मनोहररावांनी पायरी दाखवली. शेजारच्या खुर्चीवर त्यांच्या चष्म्याचं घर बसलं होतं.

सून आली, स्टीलचा पेला पायरीच्या कडेला ठेवून गेली. साखर किती, कुणी विचारलं नाही. आत बातम्या चालू होत्या, खणखणीत.

देवरावनं पेल्याला हात लावला नाही. त्याला एकदम बाप आठवला, ओंजळ पुढे करून वाकलेला. तो उठला. "एक डाव पाहून घेतो," म्हणाला आणि बुटासकट माजघरात शिरला. पेटीला कान लावला, डोळे मिटले, आणि डाव्या अंगाला सगळा जीव एकवटून थापड हाणली. हात झिणझिणला. बातम्या वाचणारा अडखळलासुद्धा नाही. देवरावनं आणखी एक मारली. बातम्या संपून हवामान सुरू झालं.

ओसरीवरून मनोहररावांचा आवाज आला, "अहो देवराव, तो ठीक आहे. या आता बाहेर."