टँकरच्या रांगेतलं महायुद्ध

लातूर जिल्हा झाला त्या सुमारास देवणीजवळच्या आमच्या गावात विहिरी आटल्या होत्या. मी दहावीत होते. घागर रांगेत लावायची आणि टँकर येईपर्यंत तिथंच इतिहास पाठ करायचा, असा माझा अभ्यास. सोबत वहिनी. लग्न झाल्यामुळे तिची शाळा नववीतच सुटली होती.

सहामाहीत ‘महायुद्धाचे समाजावर झालेले परिणाम’ हा प्रश्न आला होता. महागाई, बेकारी, जीवितहानी असे भराभर मुद्दे लिहून मी खूश होते. सरांनी निम्मेच गुण दिले.

“हे कोणत्याही लढाईला चालेल,” ते म्हणाले. “दोनच मुद्दे घे. पण कुणावर काय परिणाम झाला, का झाला आणि तो टिकला का, ते सांग.”

मग रांगेत मी मोठ्यानं म्हणू लागले, “पुरुष आघाडीवर गेले. त्यामुळे कारखान्यांत स्त्रिया काम करू लागल्या.”

“अन् लढाई सरल्यावर?” वहिनीनं विचारलं.

“पुरुष परत आले. बऱ्याच बायकांना कामावरून काढलं.”

“काम येत असताना बी?”

ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की पुढच्या बायका वळून बघायला लागल्या. त्यांनाही सगळं सांगावं लागलं. शेजारची मावशी म्हणाली, “काढलं तर काढलं. पर एकदा पगार हातात घेतल्याली बाई पुन्हा गप बसंल व्हय? न्हाई बसायची!” सगळ्या खो-खो हसल्या. टँकर आला तरी वाद थांबेना.

घरी येऊन मी उत्तर नव्यानं लिहिलं. कामं गेली, पण स्त्रियांचा स्वतःवरचा विश्वास गेला नाही. काही देशांत त्यांना मताचा हक्कही मिळाला. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं.

“कुठून सुचलं हे?”

“टँकरच्या रांगेत, सर.”

वर्ग हसला, सरही हसले.

मी हे सांगितलं तेव्हा वहिनी भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच ठेवून ती दादाला म्हणाली, “मग मी बी बसते की परीक्षेला.”

दादा आधी हसला. मग त्यानं तिच्याकडे नीट बघितलं आणि आठवड्याच्या आत तो बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म घेऊन आला.

पुढच्या वर्षी ती पास झाली. इतिहासात तिला माझ्यापेक्षा जास्त गुण पडले, आणि ही गोष्ट तिनं गावभर प्रत्येकाला पेढ्यासोबत आवर्जून सांगितली.