बंद केलेली टुकटुक

आमच्या ह्यांना आवाज सहन होत नाही. आणि धंदा कसला, तर आवाजाचा! घराच्या मागच्या खोलीत ह्यांचा रेकॉर्डिंग स्टुडिओ. रेकॉर्डिंग सुरू झालं की फ्रिज बंद, पंखा बंद, भिंतीवरचं घड्याळ उशीखाली. एकदा मला शिंक येत होती, तर नाक दाबून रस्त्यावर पळाले होते मी. लग्न झाल्यापासून स्वतःच्याच घरात चोरपावलांनी वावरतेय.

माझ्या दादाच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आवाज कायमचा जाणार. आता म्हणे असं मशीन मिळतं, की आपण टाइप करायचं आणि ते आपल्याच आवाजात बोलतं. फक्त आवाज जायच्या आधी ढीगभर वाक्यं वाचून ठेवायची. हे लगेच म्हणाले, मी करतो. दादा रोज यायचा, घसा दुखत असूनही वाचायचा. ह्यांनीही जीव ओतून काम केलं, ते नाही म्हणणार नाही मी.

ऑपरेशन झालं, दादाचा आवाज गेला, आणि पाठोपाठ ह्यांची पेटी चालेना. पेटी म्हणजे चार हार्ड डिस्कचा डबा. दादाची सगळी वाक्यं त्यात.

"दुसरी प्रत कुठंय?" मी विचारलं.

"अगं, चार डिस्क आहेत. एक गेली तरी बाकीच्या तिघी सांभाळून घेतात."

"मग सांभाळा म्हणावं की!"

मग बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढून देणाऱ्याच्या दुकानात गेलो आम्ही तिघं. तो गृहस्थ म्हणजे पक्का थंडोबा. सावकाश पेटी खोलली, सावकाश चष्मा पुसला. "एक डिस्क कधीच मेलीय," म्हणाला. "दुसरी आता शेवटच्या घटका मोजतेय. ती गेली की संपलं सगळं. पण पहिली गेली तेव्हा पेटीनं बोंब मारली असणार. ऐकलं नाही कुणी?" मग त्याला आत एक सुटी वायर दिसली. भोंग्याची. मुद्दाम उपसून बाजूला सारलेली.

मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"रेकॉर्डिंगमध्ये येत होतं गं ते," हे पुटपुटले.

माझं डोकं असं सणकलं म्हणता! "आग लागो तुमच्या त्या शांततेला!" भर दुकानात ओरडले मी. दादा गळ्याला पट्टी बांधून स्टुलावर बसला होता. त्याला बिचाऱ्याला ओरडता येत नव्हतं, म्हणून त्याच्या वाटचंही मीच ओरडून घेतलं.

मग त्या मरू घातलेल्या डिस्कची नक्कल सुरू झाली. जे सहज वाचता येतं ते आधी उचलायचं, अडलं की हट्ट न धरता पुढे सरकायचं, अवघड जागा शेवटी. एकाच जागी घासत बसलं तर आहे तेही जातं म्हणे. आम्ही रोज जायचो. "झालं का?" "होतंय." "मिळेल ना पण?" "होतंय ना, ताई." वीट आला मला त्या 'होतंय'चा! डिस्क मध्येच कटकट करायची, मध्येच गप्प व्हायची. आणि घड्याळाची टिकटिक न सोसणारा माझा नवरा त्या कटकटीला कान लावून बसायचा. "चालू आहे," म्हणायचा, "अजून चालू आहे."

शेवटी थंडोबानं मान वर केली. "बरंच हाती लागलंय. मशीनपुरतं होईल." आणि बघूया तरी, म्हणून मधलीच एक फाइल लावली.

दादाचा आवाज! अगदी खणखणीत. "मी उद्या बाजारात जाणार आहे." मागे बारीक टुकटुक. मग वाचणं थांबलं. "अहो जावईबापू, हे काय टुकटुकतंय मघापासून? बघा तरी एकदा."

"काही नाही दादा," ह्यांचा आवाज. "थांबा, बंदच करून टाकतो."

खुडबुड झाली. टुकटुक थांबली.

"हां," दादा म्हणाला, "आता कसं शांत झालं!"

ह्यांनी मान खाली घातली. दादानं ह्यांच्या गुडघ्यावर थोपटलं आणि थंडोबाला बोटानं खूण केली: परत लाव.