मस्कतमामांचा शुक्रवार

कार्तिकातला शुक्रवार, सकाळ. ठिकाण: लाखनी, मामांच्या घरची ओसरी. हजर: मामी, त्यांचा मुलगा प्रशांत आणि मी, म्हणजे भाची. घरातली कामे वाटून देणे माझ्याकडे असते. मामाही समोरच बसले होते, पण त्यांना हजर धरता येत नव्हते. शुक्रवारी ते सुटीवर असत.

मस्कतला एकाच घरी त्यांनी अर्धे आयुष्य गाडी चालवली. तिथली सुटी शुक्रवारची. परत येऊन शेती हाती घेतली, तरी सुटी तीच ठेवली. एकदा तर भर कापणीत, मामींना न विचारता, त्यांनी कापणीच्या बायांनाही सुटी देऊन टाकली. कापलेल्या धानाच्या कडपा शेताच्या बांधीत उघड्या पडलेल्या आणि वर आभाळ भरून आलेले.

"ढगायले कोन सांगन, आज ह्यायची सुट्टी हाय म्हनून?" मामी ओरडल्या.

"बायायले एक दिवस आराम नको का?" मामा म्हणाले. धान आम्हीच झाकले. मामा शेताच्या धुऱ्यावर बसून सूचना देत होते.

ट्रॅक्टरला पट्टा नसतो, म्हणून ते दुपट्ट्याने स्वतःला सीटला बांधून घेत. शेतात वळतानाही इंडिकेटर देत. मागे कोणी नसे. "बगळे हायत ना," म्हणत.

त्यांचा कहवा, ती तिकडची बिनदुधाची कॉफी, म्हणजे तर पाहुण्यांची परीक्षा. बिनकानाचा इवलासा कप. पाहुण्याने तो हलवला की पुरे झाले, नाहीतर यजमान ओततच राहणार, अशी तिकडची रीत. पवनीहून मामींचा भाऊ आला, त्याला हे कुठून ठाऊक? बिचारा मान राखायला पीत गेला. शेवटी स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "ताई, भाऊजी मले काय पाजून राहिले? सरतच नाई!"

बाहेरून मामांचा आवाज आला, "कप हालव ना बे! तोंडानं नाई म्हनाचं नसते!"

तर त्या बैठकीचा विषय. मस्कतहून फोन आला होता. ज्या मुलाला मामांनी रोज शाळेत सोडले, त्याचे लग्न होते. मामांनी यावेच, असे त्याच्या आजीचे म्हणणे. मामांचा जीव तिकडेच लागलेला. पण मामी अडून बसल्या. "हे गेले का वापस येत नाईत. मले माहीत हाय."

मामा सुटी मोडून बोलले. "कायले राहीन तिथं? तिथं होतो तं लाखनीच सांगत जाओ. आमचा तांदूळ असा, आमचं तळं तसं. सारं घर कंटाळलं होतं माह्यावर."

मामी म्हणाल्या, "मंग मीबी येतो. पाहून येतो, असं काय हाय तिथं तं."

ठराव मंजूर झाला. मामींचा पासपोर्ट काढायचे काम माझ्याकडे आले. त्यासाठी त्यांचा फोटो हवा होता. पण आधी मळणी होती, मग धान विकायचे होते, मग उन्हाळी धानाची रोवणी. लग्न होऊन गेले. "तुम्ही एकटे जाऊन या," मी म्हटले. मामांनी नकारार्थी मान हलवली. "आता जोडीनंच जाईन. तिले दाखवाचं हाय."

चैत्रात मामा गेले. दुपारी जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत. वारही शुक्रवार नव्हता, नाहीतर त्यांनी त्याचाही नियम केला असता.

प्रशांतने मस्कतला कळवले. त्या आजीने उलट फोन केला. ती अरबीत रडत होती, मामी झाडीबोलीत. एकीचे दुसरीला अक्षर कळत नव्हते, तरी दोघी खूप वेळ बोलल्या. फोन ठेवून मामींनी डोळे पुसले. "आता तं जाच लागते. त्या मायजवळ बसाचं हाय."

माझा पासपोर्ट तयार आहे. मीच सोबत जाणार. मामींना फोटोसाठी वार दिला, तर म्हणाल्या, "उन्हाळी धान निघू दे." ते निघाले. आता पावसाळी धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकायचे आहेत म्हणतात.

मामींचा फोटो: बाकी.