टिळकवाडीच्या होळीला आमटी राहिली

होळीच्या दिवशी टिळकवाडीत माझी चांगलीच जिरली. सांगायला लाज वाटते, पण सांगते... पोटात ठेवून काय करू.

दरवर्षी होळीचं जेवण आमच्या घरात असतं, निपाणीजवळ गावात. थोरली सून मी. डाळ मी शिजवायची, पुरण मी वाटायचं, पोळ्या लाटून कंबर धरली की बाकीचे येणार हात धुऊन. गेल्या वर्षी माझं डोकं फिरलं आणि सगळ्यांसमोर बोलले, मी काय आचारी हाय काय, एक सण तरी दुसऱ्या कुणी करा.

धाकटी जाऊ वीणा बेळगावात बँकेत आहे. तिनं ते मनावर घेतलं. यंदा होळी आमच्या टिळकवाडीच्या फ्लॅटवर, म्हणाली. मला वाटलं सासरे नको म्हणतील... आप्पा लगेच हो म्हणाले. तिथंच मला ते खुपलं.

गेलो सगळे गाडी करून. संकेश्वरहून नणंद शोभा पण आली पोरं घेऊन. लिफ्टमधून वर गेलो तर वीणा दारात उभी, साडीची एक घडी मोडलेली नाही. सणादिवशी माझ्या अंगाला पीठ असतं, केसात पीठ असतं. हिच्या अंगाला सेंटचा वास...

मी आत स्वयंपाकघरात जायला लागले तर म्हणते, आक्का, तुम्ही बसा, आज तुम्ही पाहुण्या. लई गोड आवाजात म्हणाली. मला तो शब्द असा लागला की सोफ्यावर बसून पण टेकता येईना. सणाच्या दिवशी रिकामे हात कुठं ठेवायचे तेच मला माहीत नाही.

पोळ्या तिनं बाहेरून मागवलेल्या. डबे उघडले तर सगळ्या एका मापाच्या, एक फाटलेली नाही. शोभा माझ्या घरी पहिल्या घासाला मीठ कमी म्हणते. इथं नुसता वास घेऊन म्हणाली, किती मऊ दिसतात गं. आणि आमचे हे, एवढ्या वर्षांत माझ्या पोळीला बरी म्हणाले नाहीत, ते म्हणाले झकास. मी सोफ्याची उशी दाबत बसले. कशी बसले माझं मला माहीत.

खाली अपार्टमेंटची होळी पेटली, निवद दाखवला, वर येऊन सगळे जेवायला बसले. ताटं वाढली. पोळी, तूप, दूध, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, भात, सगळं. पण आप्पा हात लावेनात.

आमच्या आप्पांची एक रीत आहे. होळीला आधी कटाच्या आमटीचा भुरका, मग पोळी. आणि त्यांनी घास घेतल्याशिवाय आमच्यात कुणी जेवत नाही. सगळे थांबले. आप्पा म्हणाले, "आमटी येऊ दे की गं."

वीणाचा चेहरा उतरला. माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, "आक्का, आमटी राहिली. मला वाटलं पोळ्यांबरोबर ते आमटी पण देतात."

आता बघा. पोळ्या बाहेरच्या, म्हणजे घरात डाळ शिजली नाही. डाळ शिजली नाही म्हणजे तिचं पाणी, तो कट, कुठून येणार... खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. दुपारपासून पहिल्यांदा बरं वाटलं.

"मी तर आज पाहुणी, न्हाय का?" मी म्हटलं.

ती तशीच उभी राहिली. आणि तिकडं आप्पांचा हात ताटावर तसाच धरलेला. उठले मी. तिच्यासाठी नाही, त्या हातासाठी.

तिला म्हटलं, चार पोळ्या फोड आणि पुरण काढ. त्या देखण्या पोळ्या फोडताना तिचा जीव गेला असेल, माझा नाही गेला. पुरण गरम पाण्यात कालवलं, खोबरं-कांदा गॅसवरच भाजून मिक्सरला लावला, लसणाची फोडणी टाकली. माझ्या घरात फोडणी पडली की गल्ली खोकते. इथं तिच्या चिमणीनं सगळा वास गिळला, हॉलमध्ये कुणाला पत्ता नाही मी काय करतेय ते.

तिखटाची चटणी कुठाय विचारलं तर तिनं हाताशी असलेली बाटली दिली. माझीच. दर उन्हाळ्यात डंगाच्या मशिनीवर मिरची-मसाला कांडून देते ती. मला कायम वाटायचं, ही कामवालीला देत असणार... बाटलीच्या तळाला दोन चमचे राहिलेली. "रोज लागते आम्हाला," ती म्हणाली. मी सगळी आमटीत रिकामी केली.

आप्पांनी वाटी तोंडाला लावली, भुरका मारला आणि पोळी मोडली. सगळे जेवायला लागले. शोभा म्हणाली, "वीणा, आमटी बाकी गावच्यासारखी जमली गं तुला."

झालं. घाम माझा, नाव तिचं. मी भाताकडं बघत बसले.

"मी विसरले होते," वीणा म्हणाली. "आक्कांनी केली. नाहीतर आज तुम्ही सगळे उपाशी उठला असता."

सगळ्यांसमोर, वाढता वाढता, हसत. चूक झाली म्हणायला तिला काहीच वाटलं नाही. मी असते तर गॅसवर ढकललं असतं, पाण्यावर ढकललं असतं, नवऱ्यावर तर नक्की... तिची साडी, तिचं घर, तिच्या पोळ्या, सगळ्यावर जळून झालं होतं. पण सगळ्यात जास्त जळले ते ह्या बोलण्यावर.

आप्पांनी वाटी पुढं केली, दुसऱ्यांदा.

निघताना, पुढच्या वर्षी कुणाकडं हे कुणी विचारायच्या आत मीच बोलले. "आमच्याकडं. आणि वीणा, तू आदल्या दिवशी यायचं. डाळ तू शिजवायची."

ती हो म्हणाली आणि आत जाऊन ती चटणीची बाटली घेऊन आली. धुतलेली, पुसलेली. माझ्या हातात दिली.

निपाणी येईपर्यंत ती मोकळी बाटली मांडीवर धरून बसले होते. यंदा तिच्यासाठी मोठी बरणी भरीन म्हणते.