काळ्या स्क्रीनवरचं बोट

लाइन गेली की आमच्या मॅडम स्क्रीनवर बोट ठेवून बसायच्या. काळी ठिक्कर पडलेली स्क्रीन, तिच्यावर उजव्या हाताचं बोट आणि डाव्या हातात चहा. कोडच्या ज्या ओळीवर काम थांबलं, तिथं ते बोट. साकोलीतल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात इन्व्हर्टर होता, पण तो मालकाच्या पंख्यासाठी.

"मॅडम, कॉम्प्युटर सारं विसरला. बोट कायले ठेवता?" तिथंच शिकवणारा मी छेडायचो.

"तो विसरला त विसरला, भाऊ. मी काहून विसरू?"

हे 'काहून' त्यांचं हत्यार होतं. एकोडीच्या घरून एसटीनं येताना कंडक्टरनं मागं सरका म्हटलं, की "काहून?" मालकानं फर्मान काढलं, पोरींना टायपिंग शिकवा, प्रोग्रामिंग पोरांना. मॅडम म्हणाल्या, "काहून?" मालक उत्तर शोधत राहिला आणि इकडं पोरींची बॅच सुरूही झाली. तुमच्या ओळखीत असं एखादं माणूस असेलच. त्याच्याशी वाद घालू नका, दिवस फुकट जातो.

त्यांचं सगळ्यात मोठं भांडण मात्र ज्यांच्याशी झालं, त्यांनी साकोली नकाशातही पाहिली नसेल. प्रोग्रामिंगच्या भाषेसोबत लायब्ररी असते, म्हणजे तयार कोडचा साठा. जगात कुणीही फुकट वापरावा, कुणीही दुरुस्ती सुचवावी. ती घ्यायची की नाही, हे साठा सांभाळणारे चारदोन लोक ठरवतात. इंटरनेटवरून फाइल आणणाऱ्या अशा एका लायब्ररीत खोट होती. मधेच नेट तुटलं की फाइल पुन्हा पहिल्यापासून. आमची पोरं धड्याची फाइल सकाळी लावत आणि दुपारी तशीच रिकाम्या हातानं घरी जात. मॅडमनी दुरुस्ती लिहून पाठवली: जिथं तुटलं, तिथून पुढं.

सांभाळणाऱ्यांपैकी एकाचं उत्तर आलं. नेट असं क्वचितच तुटतं, वापरणाऱ्यांनी चांगलं कनेक्शन घ्यावं. प्रस्ताव बंद.

"जाऊ द्या ना मॅडम," मी म्हटलं. "लष्कराच्या भाकरी कायले भाजून राहिल्या?"

त्यांनी प्रस्ताव पुन्हा उघडला आणि खाली लिहिलं, आमच्याकडं बाया धान रोवतात. पाऊस जोराचा आला की बांधावर जाऊन उभ्या राहतात. परत आल्यावर लावलेलं उपटून पहिल्या ओळीपासून लावत नाहीत. हे सगळं चोख इंग्रजीत. पाठवण्याआधी मला वाचून दाखवलं.

त्या माणसानंही मग मुद्द्याचं विचारलं. मधल्या वेळात तिकडची फाइलच बदलली तर? मॅडमनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "हे बरोबर बोलला तो. एकाच बांधीत अर्धं लवकर पिकनारं हलकं धान, अर्धं उशिराचं भारी. कापनार कधी?" फाइल तीच आहे का, हे आधी तपासायचं, एवढी भर त्यांनी त्याच दिवशी घातली. चूक दाखवली तर बाई कधी हुज्जत घालायच्या नाहीत.

शेवटी एक अट आली. दुरुस्ती घेतो, पण सोबतची चाचणी काढा. चाचणी म्हणजे पुढं कुणी काही बदललं, तर आधीचं मोडलं का हे तपासणारा कोड. मॅडमच्या चाचणीत नेट पुन्हा पुन्हा तुटत होतं, साकोलीत तुटतं तसं. इतकं कुठं तुटतं, असं सांभाळणाऱ्यांचं म्हणणं.

"काढून टाका," मी म्हटलं. "दुरुस्ती घेऊन राहिले, तुमचं नाव लागते. अजून काय पायजे?"

"धान लावाचं अन् राखाले जागल ठेवाची नाही? उद्या कोणी साफसफाई करता करता हे उपटून फेकन, अन् कोणाले समजनारबी नाही. आपली पोरं पुन्हा पहिल्यापासून." चाचणी राहील, नाहीतर दुरुस्तीही परत घेते, असं त्यांनी कळवलं. शेवटी 'काहून'ला इंग्रजीत असतो तेवढा एकच शब्द लिहिला. 'व्हाय?'

धान कापणीला आलं तरी उत्तर नाही. माझा जीव वर-खाली, त्या निवांत. चुरणं, म्हणजे मळणी, झाल्यावर त्या लोकांनी एकदाची दुरुस्ती घेतली, चाचणीसकट. मॅडमनी पेढे वगैरे काही आणले नाहीत. पोरींना फाइल उतरवायला लावली आणि भर वर्गात नेटची वायर उपटली. परत खोचली. फाइल तिथूनच पुढं निघाली. त्यांनी पुन्हा उपटली. पोरी हसायला लागल्या, तरी त्यांचं उपटणं चालूच.

मागच्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. पोटाचा आजार, नागपूरला नेईपर्यंत उशीर झाला होता. घरी भेटायला आलेले लोक म्हणत होते, एवढी हुशार बाई, पुण्याला गेली असती तर नाव काढलं असतं. माझं डोकंच फिरलं. नाव साकोलीत बसूनच निघालं होतं, ह्यांना पत्ता नव्हता. मी तिथंच मोठ्यानं बोललो, बायको हात ओढत होती तरी. मला मॅडमची फार आठवण येते, हेही आता सांगूनच टाकतो.

परवा वर्गात त्या लायब्ररीचं पान उघडलं. कुणी नवा गडी आला होता. जुना कोड साफ करताना त्यानं मॅडमची दुरुस्ती काढली होती, आणि चाचणीनं त्याला अडवलं होतं. त्यानं विचारलं होतं, ही चाचणीच काढून टाकू का? इतकं नेट कुठं तुटतं? खाली उत्तर होतं. ज्यानं मॅडमचा प्रस्ताव पहिल्यांदा बंद केला, त्याच माणसाचं. एकच शब्द.

'व्हाय?'

मी त्या शब्दावर बोट ठेवलं. तेवढ्यात लाइन गेली.

"सर, बोट कायले ठेवलं?" बॅचमधली एक पोरगी म्हणाली.

"चहा सांग," मी म्हटलं. "अन् डाव्या हातात दे."