अण्णांचं गाळणं

चार मास्तर एका खोलीत बसले की पेपर तपासून होत नाहीत, किस्से मात्र साठत जातात! दिघीकडच्या खाडीकाठच्या आमच्या शाळेत तर त्यांचा ढीगच होता. स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली असतील. त्यातले निम्मे किस्से एकाच माणसाचे, संस्कृतच्या अण्णांचे. गावात कुणाला कसला विटाळ झाला, की निवाडा अण्णांचाच.

* * *

अण्णांचं सोवळं म्हणजे हद्द! पाणी स्वतः शेंदायचं, कळशीच्या तोंडावर चौपदरी पंचा धरून गाळायचं, आणि त्या कळशीला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. एकदा इन्स्पेक्टरसाहेबांनी तहानेच्या भरात तिच्यातच पेला बुडवला. आम्ही गारच पडलो! अण्णांनी शांतपणे अख्खी कळशी साहेबांपुढं सरकवली.

"आता ही तुमचीच. संपवूनच उठा!"

साहेबांनी खरंच निम्मी रिचवली हो!

* * *

एकदा सातवीच्या वर्गात अण्णा 'पवित्र' हा शब्द शिकवत होते.

"'पू' धातू म्हणजे स्वच्छ करणं. त्यावरून पवित्र. वेदांच्या काळी सोमरस लोकरीतून गाळत. त्या गाळण्यालाच पवित्र म्हणत."

घंटा द्यायला आलेला आमचा शिपाई हिरू दारातूनच बोलला, "म्हंजे माजी चायची गालनी पन पवित्र हाय?"

शेजारच्या वर्गातून ऐकताना मला वाटलं, हिरूची नोकरी गेली!

अण्णा म्हणाले, "हाय! रोज घासत असशील तर."

* * *

त्याच वर्षी कांबळे गुरुजी बदलून आले. कायदा काहीही म्हणो, गावच्या विहिरीला त्यांच्या घरच्यांनी हात लावायचा नाही! कांबळेवहिनी हंडा घेऊन लांब उभ्या राहायच्या. कुणी वरून पाणी ओतलं तर ओतलं, नाहीतर रिकामा हंडा घेऊन घरी. त्यात त्यांचे दिवस भरत आलेले. डोळ्यांना बघवत नसे.

एक दिवस गुरुजी म्हणाले, "वैशाखापर्यंत बघतो. नाहीतर बदली मागतो. बाळंतिणीला पाणी आणू कुठून?"

हेडमास्तर म्हणाले, "अण्णांच्या कानावर घालून बघा."

गुरुजी हसलेच. "त्यांच्या? माझ्याशी दोन शब्द बोलले तरी घरी जाऊन अंघोळ करतात ते!"

खरंच करायचे!

* * *

वैशाखातली सकाळ. विहिरीवर ही गर्दी! मीही बादली घेऊन उभा. अण्णांकडं त्या दिवशी वडिलांचं श्राद्ध, म्हणून ते ओल्या सोवळ्यात, सगळ्यांना चुकवत, कळशी घेऊन येत होते. वहिनी नेहमीसारख्या लांब उन्हात. कुणी त्यांच्याकडं बघेना.

आणि एकाएकी वहिनी पुढं आल्या, काठावरचा पोहरा उचलला आणि सोडला विहिरीत!

"अगं बाई! बाटवली विहीर!"

एकच कालवा झाला. कुणी भरलेले हंडे उपडे केले, कुणी पोरांना मागं ओढलं. सरपंच धावतच अण्णांकडं गेले.

"बरं झालं अण्णा, तुम्ही आहात! सांगा आता, हिचं काय करायचं? आणि विहिरीची शुद्धी कशी करायची?"

वहिनींनी दोर सोडला नाही. भरलेला पोहरा वर काढला आणि तशाच उभ्या राहिल्या.

अण्णांनी एकदा सरपंचांकडं बघितलं, एकदा वहिनींकडं. मग खांद्यावरचा पंचा काढला, नीट चौपदरी केला, कळशीच्या तोंडावर बसवला आणि सरळ जाऊन कळशी वहिनींच्या पोहऱ्याखाली धरली.

सरपंच दोन पावलं मागं सरकले.

वहिनी पुटपुटल्या, "अण्णा... माझ्या हातचं?"

"घाला हो बाई लवकर! माझे वडील तहानलेले खोळंबलेत."